कुडाळ ते न्यूयॉर्क : जाताना सहा तास, येताना चोवीस तास?

पिंगुळीकर (धागाकर्ता)
१६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, घरात चार दिवस वाद पेटलाय. तो इथे आणून टाकतोय.

आई (वय ६८, मधुमेह, पहिलाच परदेश प्रवास) ११ डिसेंबरला ताईकडे न्यू जर्सीला चाललीय. मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान. मार्चअखेर परत, कारण कलमांवरचा आंबा उतरायला लागला की ती अमेरिकेत काय, देवळातसुद्धा थांबत नाही. तिकिटाची प्रत मी काढून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीत बसून तिने दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, पेन्सिलीने मांडलेलं हे:

जाताना : मुंबई रात्री १:३०, न्यूयॉर्क सकाळी ७:३०, तारीख तीच. सहा तास.
येताना : न्यूयॉर्क सकाळी ११:३०, मुंबई दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३०. चोवीस तास.

खाली रेघ मारून मला विचारते, "जाताना सा तास नि येताना अख्खो दिवस? कित्याक? येताना खंय थांबता तां?"

मी घड्याळातल्या फरकाचं सांगायला गेलो तर बाबा मध्येच : "अंतर दोन्हीकडून तेवढंच. दोन्ही आकडे मिळव, अर्धे कर. पंधरा तास. विषय संपला." आईला पटलं, मलाही पटलं. पण ताई फोनवर म्हणाली की पंधरा कुठेच नाही. जाताना साडेसोळा आणि येताना साडेचौदा. तेव्हापासून बाबा ताईशी गणितावर बोलत नाहीत.

तर प्रश्न असे. बरोबर कोण? अंतर एकच असताना जाता-येता दोन तासांचा फरक कसा? आणि मुळात हे अंतर किती? नेटवर १२,५०० पासून १४,००० किलोमीटरपर्यंत काहीही दिसतं.

---

वाचनमात्र
१६ नोव्हेंबर, रात्री ९:५५

सहा तासांत न्यूयॉर्क! आईंना साष्टांग दंडवत. गणपतीत आमची गाडी पनवेलहून कुडाळला सहा तासांत पोचली असती तर मी गावभर पेढे वाटले असते. हलके घ्या.

---

जर्सीवाली
१६ नोव्हेंबर, रात्री १०:३०

ताई बरोबर. मी सतरा वर्षं ही ये-जा करतेय.

डिसेंबरात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. मुंबईत रात्रीचा दीड म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे दुपारचे तीन. दुपारी तीन ते सकाळी साडेसात, झाले साडेसोळा तास.

बाबांची युक्ती मात्र झकास आहे, तिला नावं ठेवू नका. घड्याळातला फरक जाताना जितका वजा होतो तितकाच येताना मिळतो, म्हणून बेरीज करून अर्धं केलं की तो आपोआप गळून पडतो. फक्त यांच्या बाबतीत गोम अशी की मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे करतात. त्यामुळे परतताना फरक साडेनऊच तासांचा. जाताना साडेदहा वजा झाले, येताना साडेनऊच मिळाले. एक तास हरवला, आणि सरासरीत तो अर्धा तास दिसला. खरी सरासरी साडेपंधरा.

---

पिंगुळीकर
१६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

बाबांना वाचून दाखवलं. "मग युक्ती बरोबरच होती, चूक अमेरिकेची," असं म्हणून झोपायला गेले.

---

हापूस_एक_नंबर
१७ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

दोन तासांच्या फरकाचं कारण सोपं आहे. पृथ्वी फिरते ना. विमान वर असताना खालची जमीन सरकते, त्यामुळे एका दिशेला कमी वेळ लागतो आणि दुसऱ्या दिशेला जास्त. शाळेत शिकलोय.

---

भूगोलबाई
१७ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

कुठल्या शाळेत ते सांगू नका, माझीच निघायची.

अहो, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तुमचं म्हणणं खरं असतं तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली न्यूयॉर्क आपणहून जवळ यायला हवं, म्हणजे जाताना कमी वेळ लागायला हवा. इथे तर जातानाच जास्त लागतोय. दुसरं म्हणजे, कुडाळच्या अक्षांशावर जमीन तासाला सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने फिरते. हेलिकॉप्टर कुडाळच्या मैदानावर नुसतं तासभर तरंगत ठेवलं, तर ते उतरायला अरबी समुद्रात, ओमानच्या बाजूला, जाईल का? नाही. कारण हवाही जमिनीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेतच असतं. अंगणात उडी मारलीत तर शेजाऱ्याच्या विहिरीत पडत नाही ना तुम्ही?

अंतराच्या प्रश्नासाठी एक घरगुती प्रयोग सांगते. वर्गात दरवर्षी करायचे. परसातलं एक पपनस घ्या. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. बरोबर मध्यावर रबरबँड चढवा, ते विषुववृत्त. मुंबई १९ अंश उत्तरेला, म्हणजे रबरापासून देठापर्यंतच्या वाटेवर साधारण पाचव्या हिश्श्यावर एक टाचणी टोचा. न्यूयॉर्क साडेचाळीस अंशांवर, म्हणजे अर्ध्याच्या जरा अलीकडे. पण मुंबईच्या टाचणीपासून पश्चिमेकडे १४७ अंश सरकून. जवळजवळ मागच्या बाजूलाच. आता ओवायचा दोरा दोन्ही टाचण्यांना लावून ताणा.

बघा, दोरा आडवा राहतच नाही. तुम्ही धरून ठेवलात तरी सटकतो आणि देठाकडे चढतो. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता तो. भिंतीवरच्या सपाट नकाशात मात्र तोच दोरा उगाच उत्तरेला वळसा घालतोय असं वाटतं.

---

दर्यावर्दी_वेंगुर्ला
१७ नोव्हेंबर, दुपारी २:१०

बाईंना सलाम. आम्हाला हेच बोटीवर सेक्स्टंट हातात देऊन शिकवलं होतं, पपनस दिलं असतं तर लवकर कळलं असतं. तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, म्हणून थोडं दामटून लिहितो.

बाईंचा दोरा म्हणजे ग्रेट सर्कल. मुंबई ते न्यूयॉर्क त्या दोऱ्यावर सुमारे १२,५४० किलोमीटर, आमच्या भाषेत ६,७७० नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग तेवढा, म्हणून दर्यावर आणि आकाशात तोच चालतो. आता सपाट नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारा आणि होकायंत्राची एकच दिशा धरून त्या रेघेवरून जा. त्याला ऱ्हंब लाइन म्हणतात. ती येते १४,२०० किलोमीटरच्या आसपास. नकाशावर सरळ दिसणारा रस्ता साडेसोळाशे किलोमीटरने लांब!

धागाकर्त्याला नेटवर वेगवेगळे आकडे दिसतात त्याचं एक कारण हेच असावं. कोणी दोरा मोजतो, कोणी विमान प्रत्यक्ष उडतं तो मार्ग.

आणि दोरा कुठून जातो ते ऐका. मुंबईहून वायव्येकडे निघाला की सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग जवळजवळ मॉस्कोवरून, फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला हात लावून कॅनडातून खाली न्यूयॉर्क. या यादीतले पहिले देश पुन्हा वाचा. आईंचं विमान त्या दोऱ्यावरून जाणार नाही, हे तिथेच कळतं.

---

तांबडा_कंदील
१७ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे, आपलं त्यांना. यापूर्वी २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. त्यामुळे मुंबईहून निघालेलं विमान आधी अरबी समुद्रावरून आखाताच्या दिशेला जातं आणि मग वर वळतं. मुंबई किनाऱ्यावर असल्यामुळे आपल्याला हा वळसा त्यातल्या त्यात सुसह्य. खरी पंचाईत दिल्लीकरांची. त्यांच्या अमेरिकेच्या काही विमानांना इंधन भरायला व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं.

अमेरिकन कंपन्यांचं दुखणं वेगळंच. २०२२ पासून त्यांना रशियाचं आकाश बंद. म्हणजे एकाच दोन शहरांमधलं अंतर कंपनीच्या देशावर ठरतं, असं म्हटलं तरी चालेल.

---

हापूस_एक_नंबर
१७ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४५

बाई, उडीचं पटलं, माघार. पण मग दोन तासांचं काय? वळसा जाताना घातला तर येतानाही घालणारच की.

---

दर्यावर्दी_वेंगुर्ला
१७ नोव्हेंबर, रात्री ८:३०

वारो, बाबा, वारो.

दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. जेट स्ट्रीम. वेग ताशी शंभर-दीडशे किलोमीटर सहज, कडक थंडीत कधी तीनशेच्याही वर. हिवाळ्यात उत्तर आणि दक्षिणेच्या तापमानात जास्त तफावत, म्हणून तेव्हा त्या जास्त जोरात. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून सोडून हे वारे मोजले. पण अहवाल लिहिला एस्पेरांतो नावाच्या, सगळ्या जगासाठी म्हणून बनवलेल्या भाषेत! जगाला कळावा म्हणून. जगाने वाचलाच नाही.

आता विमान सोडा आणि कर्लीच्या खाडीत या. तुमची होडी स्थिर पाण्यात ताशी ८ किलोमीटर चालते. १२ किलोमीटर जायचं आहे. पाणी साचलेलं असेल तर जाऊन येऊन तीन तास. आता सुकती (ओहोटी) लागलीय, पाण्याला ताशी २ किलोमीटरची ओढ आहे. पाण्याबरोबर गेलात तर वेग १०, वेळ एक तास बारा मिनिटं. पाण्यावर उलटे आलात तर वेग ६, वेळ दोन तास. इंजिन तेच, खाडी तीच.

धागाकर्त्याचा हिशेब करतो. दोन्हीकडच्या वेळेतून धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याचा अर्धा तास काढला तर हवेत १६ आणि १४ तास. वळसे धरून रस्ता १३,००० किलोमीटर समजू. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग पडतो ८१२, येताना ९२९. मधला आकडा ८७०. म्हणजे समोरून-मागून सरासरी साठ किलोमीटरचा वारा पुरतो, बाकी काही जादू नाही.

---

वाचनमात्र
१७ नोव्हेंबर, रात्री ८:५०

खाडीचं उदाहरण छान, पण एक शंका. जाऊन येऊन ३ तास १२ मिनिटं झाली. स्थिर पाण्यात तीनच लागत होती. जाताना फायदा, येताना तेवढाच तोटा, मग बारा मिनिटं गेली कुठे?

---

दर्यावर्दी_वेंगुर्ला
१७ नोव्हेंबर, रात्री ९:२०

वाचनमात्र म्हणवतोस आणि नेमका तिथेच बोट ठेवतोस!

ओढ बरोबर असते तेव्हा तू लवकर पोचतोस, म्हणजे तिचा फायदा थोडाच वेळ घेतोस. विरुद्ध असते तेव्हा उशीर होतो, म्हणजे तिचा मार जास्त वेळ खातोस. जाऊन येऊन वारा कधीच फिटंफाट करत नाही. आकाशातही थोडा घाटाच. म्हणून पूर्वेकडे जाणारा पायलट तो वारा शोधत जातो आणि पश्चिमेकडे जाणारा त्याला टाळत, मग त्यासाठी रस्ता लांबला तरी चालतं.

---

तांबडा_कंदील
१७ नोव्हेंबर, रात्री ९:५०

त्याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्याच विमानाचं. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. आधी एअर इंडिया अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये मार्ग बदलून पॅसिफिकवरून पूर्वेकडे नेलं. अंतर वाढून १५,३०० झालं. आणि वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा दोनेक तास कमी! चौदाशे किलोमीटर जास्त उडून लवकर पोचले, कारण वारा पाठीशी.

दुसरं म्हणजे फेब्रुवारी २०२०. सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा-सात तास. जमिनीच्या हिशेबाने वेग १,३०० च्या वर.

---

हापूस_एक_नंबर
१७ नोव्हेंबर, रात्री १०:००

१,३०० म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जास्त. फुटलं नाही विमान?

---

भूगोलबाई
१७ नोव्हेंबर, रात्री १०:१०

विमानाला जमीन ठाऊकच नसते हो. त्याच्या भोवतीच्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच पळत होती. चालत्या कोकणकन्येत तुम्ही पँट्रीच्या दिशेने चाललात म्हणून ताशी शंभरच्या वेगाने धावलात असं होत नाही.

---

पिंगुळीकर
१८ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

पपनस संपली होती, शहाळ्यावर केलं. टाचणी शिरेना, बाबांनी खिळा ठोकला, मुंबईतून पाणी गळायला लागलं. पण दोरा खरंच देठाकडे चढला. आई बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "म्हणजे मी बर्फावरसून जातलंय. शाल हातातल्या पिशवीत घाल."

आता व्यवहाराचं. कुडाळहून मुंबई विमानतळ कसं गाठायचं? रात्री साडेदहापर्यंत आत असायला हवं.

---

मळेवाडकर
१८ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

आदल्या रात्री कोकणकन्या. पहाटे ठाण्याला किंवा दादरला उतरा, दिवसभर नातेवाइकांकडे पडी टाका, जेवून रात्री विमानतळ. त्याच दिवशीच्या दुपारच्या गाडीवर विसंबू नका, एखादं क्रॉसिंग लांबलं की घाम फुटतो. गाडीरस्त्याने तर नकोच, यावर जास्त लिहीत नाही, सगळे जाणते आहेत.

विमानानेच जायचं तर घराजवळ चिपी, पण त्या दिवशी मुंबईचं विमान आहे का ते आधी बघा. नाहीतर मोपा. गंमत म्हणजे मोपा ते मुंबई हवाई अंतर चारशेच्या आत, हवेत फार तर पाऊण-एक तास. तरी वेळापत्रकात सव्वा तास, वर काही मिनिटं लिहिलेली असतात. कारण तिकिटावरची वेळ विमान फाटकावरून हलतं तिथपासून पलीकडे फाटकाला लागेपर्यंतची असते. वर मुंबईच्या डोक्यावर घिरट्या घालाव्या लागल्या तर त्याचीही थोडी सोय ठेवलेली. म्हणून अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचतं आणि आपण पायलटला टाळ्या देतो.

---

जर्सीवाली
१८ नोव्हेंबर, रात्री ८:००

काकूंसाठी दोन-तीन गोष्टी. व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा, चालता येत असलं तरी. मुंबईत आणि न्यूयॉर्कला दोन्हीकडे चालणं आणि रांगा खूप. दर दोन तासांनी उठून फेरी मारायची. मधुमेहाची औषधं हातातल्या पिशवीत, सामानात नाहीत. आणि साडेदहा तासांच्या फरकात गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, अंदाजाने नको. ताजी फळं अजिबात नेऊ नका. मसाला, कोकम, जे काही असेल ते तिकडच्या फॉर्मवर स्पष्ट लिहा.

---

वाचनमात्र
१८ नोव्हेंबर, रात्री ८:२०

वाचनखूण साठवली.

---

पिंगुळीकर
१३ डिसेंबर, सकाळी ९:१०

आई पोचली! विमान १:५५ ला हललं, म्हणजे पंचवीस मिनिटं उशिरा, आणि ७:२५ ला लागलं, पाच मिनिटं आधी. मळेवाडकर, तुमचं सव्वा तासाचं पुराण खरं ठरलं. बाबांनी वहीत आईच्या रेघेखाली "१६ तास" लिहून सही केली.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता तो ती अर्धा प्रवास बघत बसली होती. विमान वाकडं चाललंय हे शेजारच्या पंजाबी बाईंना शहाळ्याच्या उदाहरणाने समजावलं म्हणे. कुठल्या भाषेत, ते विचारू नका. बर्फ दिसला नाही, बाहेर काळोखच.

मनगटातलं घड्याळ मात्र अजून कुडाळच्याच वेळेवर आहे. बदलू देत नाही. गोळ्या त्यावरच घेते म्हणते.

---

जर्सीवाली
१३ डिसेंबर, सकाळी ९:४०

अरे, तसं नको! डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद कुठे आहे?

---

पिंगुळीकर
१३ डिसेंबर, सकाळी ९:५२

फ्रिजवर, चुंबकाखाली.

कुडाळच्या फ्रिजवर. आत्ता फोटो काढून ताईला पाठवला.